एका नटावरचे स्टेरिंग

जुन्या मोटारीचे स्टेरिंग एका नटावर असते. मधली हॉर्नची टोपी काढली की तो दिसतो: अंगठ्याएवढ्या जाडीच्या दांड्याच्या टोकाला आवळलेला, बहुधा गंजाने तांबडा पडलेला. दांड्याच्या टोकावर भोवतीने बारीक उभ्या खाचा असतात आणि स्टेरिंगच्या मधल्या भागातही आतून तशाच खाचा असतात. या खाचा एकमेकींत बसल्या की हाताचा जोर दांड्यात उतरतो. दांड्यातून तो स्टेरिंग बॉक्समध्ये किंवा रॅकमध्ये जातो आणि तिथून टाय रॉडमार्गे पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. गाडी वळवायचे काम खाचांचे. स्टेरिंग वर निसटू नये, एवढीच नटाची जबाबदारी.

बैलगाडीचे चाक ज्याने पाहिले आहे त्याला स्टेरिंगची रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेर गोल कडे. फरक इतकाच की बैलगाडीचा तुंबा आखावर मोकळा फिरतो, तर स्टेरिंगच्या तुंब्यात दांडा जराही मोकळा असून चालत नाही. जुन्या गाड्यांत कड्याच्या आत पोलादी सळई आणि तिच्यावर टणक रबर किंवा प्लास्टिक असे. पुढच्या पिढीत सळईवर पॉलियुरेथेनचा मऊ थर आला.

मोटारी आल्या तेव्हा हे चाक नव्हतेच. नावेला सुकाणूचा दांडा असतो, तशी एक आडवी दांडी धरून पहिल्या गाड्या वळवत. १८९४ साली पॅरिस ते रूआँ या शर्यतीत अल्फ्रेड वाशरों यांनी आपल्या पानार गाडीला दांडीऐवजी चाक बसवले आणि काही वर्षांत तीच पद्धत सगळीकडे रुळली. मराठी कोशांत या वस्तूला ‘सुकाणू चाक’ म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र कोणी सुकाणू म्हटले तर मिस्त्री वर मान करून बघेल. तिथे शब्द एकच, स्टेरिंग. हातात धरायचे चाकही स्टेरिंग आणि खालची सगळी यंत्रणाही स्टेरिंग. या एका शब्दामुळे बराच घोळ होतो. ‘स्टेरिंग बदलायचे आहे’ म्हणत गाडी येते आणि दोष निघतो खालच्या बॉल जॉइंटचा.

बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावात जुनी गाडी ही हौसेची वस्तू नसते, ती कामाची असते. बीड शहराला रेल्वे मिळायला २०२५ साल उजाडावे लागले. तोवर तालुक्याला, बाजाराला, दवाखान्याला जायचे ते एसटीने नाही तर जीपने. महिंद्राच्या कमांडर आणि मार्शल, आकुर्डीत बनलेली ट्रॅक्स, १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो, १९८३च्या डिसेंबरात पहिल्यांदा विकली गेलेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली मारुती ८०० या गाड्यांनी मराठवाड्यातली माणसे वाहिली. त्यांतल्या कितीतरी आजही चालू आहेत. सुमोचे नाव टाटांच्या मोटार कंपनीचे अध्यक्ष राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आले, हे ती चालवणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. पण तिचे स्टेरिंग कुठे चिकट होते हे त्यांना बरोबर ठाऊक असते.

चिकट होते, कारण हाताचा घाम आणि तेल त्या मऊ थराला खातात. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि काच लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापते. काचेतून येणारे ऊन सरळ स्टेरिंगच्या वरच्या कडेवर पडते. म्हणून भेग आधी तिथेच पडते. पोलाद आणि टणक प्लास्टिक सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. प्लास्टिक वर्षानुवर्षे आक्रसत जाते, आतली सळई आक्रसत नाही, आणि जिथे आरा कड्याला मिळतो तिथे थर तडकतो. एवढी भेग दिसायला वाईट असली तरी धोक्याची नसते. सळई गंजली, आऱ्याचा जोड हलू लागला किंवा तुंब्यातल्या खाचा झिजल्या, की मात्र स्टेरिंग बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

निर्णय घेण्याआधी एक साधी तपासणी करावी. गाडी सपाट जागी उभी करून पुढची चाके सरळ ठेवायची. बाहेर उभे राहून खिडकीतून हात घालायचा आणि नजर टायरवर ठेवून स्टेरिंग दोन बोटांनी डावीउजवीकडे हलवायचे. पॉवर स्टेरिंगच्या गाडीत हे इंजिन चालू ठेवून करतात. टायर हलायच्या आधी कडे जितके सरकते तितका ‘प्ले’. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ क्रमांकाचा नियम हा ढिलेपणा ३० अंशांपेक्षा जास्त नसावा असे सांगतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टेरिंगवर ३० अंश म्हणजे कडेने मोजले तर जवळपास साडेदहा सेंटिमीटर. ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, चांगल्या गाडीचे लक्षण नव्हे. लहान मोटारींच्या मॅन्युअलमध्ये साधारण तीन सेंटिमीटरच्या आतला प्ले अपेक्षित असतो.

यानंतर स्टेरिंग स्वतःकडे ओढून आणि पुढे ढकलून पाहावे. तुंब्यापाशीच खट्खट् लागली तर नट सैल आहे किंवा खाचा गेल्या आहेत. सगळा दांडाच हलत असेल तर वरचा बुश किंवा बेअरिंग झिजले आहे. दोन्ही ठिकाणी सगळे घट्ट असूनही प्ले जास्त असेल, तर नवे स्टेरिंग बसवून काहीच फरक पडणार नाही; बॉल जॉइंट, टाय रॉड, जीपचे किंगपिन किंवा स्टेरिंग बॉक्स पाहावा लागेल. ठरावीक वेगाला स्टेरिंग थरथरते ते बहुधा चाकांच्या बॅलन्सिंगमुळे. गाडी एका बाजूला ओढते ती हवेच्या दाबामुळे किंवा अलाइनमेंटमुळे. नव्या स्टेरिंगवर खर्च होणाऱ्या पैशांपैकी बराचसा या चुकीच्या निदानावर खर्च होतो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

बदलायचे नक्की झाले की प्रश्न येतो तो आणायचे कुठून. मारुती ८०० किंवा सुमोचे स्टेरिंग सुट्या भागांच्या दुकानात मागवून मिळते. पुण्यात नाना पेठ ही अशा दुकानांची पेठ आहे, तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे काढलेले भाग मिळतात. प्रीमियर पद्मिनी ज्या कारखान्यात बनत असे तोही कुर्ल्यातलाच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० तिथे बांधली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. या गाडीचा गिअरचा दांडा खाली नसून स्टेरिंगच्या खांबालाच असे, त्यामुळे तिच्या खांबाच्या वरच्या भागात काम करताना गिअरच्या जोडण्यांना धक्का लागू न देणे ही वेगळी काळजी असते.

जुना भाग घेताना बाहेरच्या चकाकीपेक्षा तुंब्यातल्या खाचा पाहाव्यात. त्या टोकदार हव्यात. बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागल्या तर ते स्टेरिंग फुकटही घेऊ नये. झिजलेल्या खाचांत पत्र्याची चिपाटी ठोकून किंवा तुंबा दांड्याला वेल्डिंगचा टाका मारून काम भागवणारे भेटतात. चिपाटी कधी निसटेल याचा नेम नसतो, आणि टाका मारलेले स्टेरिंग पुन्हा कधी काढायची वेळ आली की दांडाच कापावा लागतो.

दुसरा मोह छोट्या, स्पोर्ट्स धाटणीच्या स्टेरिंगचा. ते थेट बसत नाही. गाडीच्या खाचांना जुळणारा मधला जोडतुकडा लागतो, त्याला ‘बॉस’ म्हणतात. गाडीच्या मॉडेलचाच बॉस मिळाला नाही तर पुढे जाऊ नये. शिवाय पॉवर स्टेरिंग नसलेल्या गाडीत व्यास हाच ड्रायव्हरचा आधार असतो. ४० सेंटिमीटरच्या जागी ३३ सेंटिमीटरचे स्टेरिंग लावले तर तेवढ्याच वळणाला सुमारे २० टक्के जास्त जोर लागतो. रिकाम्या मारुतीत हे खपून जाते. माणसांनी भरलेली कमांडर आठवडी बाजारात मागे-पुढे करताना खांदे बोलू लागतात. लहान कड्याआडून मीटरचे काटे झाकले जातात, ही आणखी एक तक्रार.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा गाडी सपाट जागी थोडी पुढे नेऊन चाके सरळ करून उभी करावी आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. जुन्या गाड्यांत हॉर्नचे बटण अर्थिंग पूर्ण करून हॉर्न वाजवते. तार न काढता पाना आत गेला की हॉर्न कोकलू लागतो आणि शेजारपाजारचे गोळा होतात. हॉर्नची टोपी कुठे पातळ स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचकटून निघते, कुठे मागच्या बाजूने दोन स्क्रू असतात. जोर लावण्याआधी स्क्रू शोधावेत; जुने प्लास्टिक एकदाच वाकते. टोपीखालची स्प्रिंग, पितळी पट्टी आणि वायसर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने एका कापडावर मांडून ठेवावेत किंवा मोबाइलवर फोटो काढावा.

नट सैल करण्याआधी खूण करायची. सेंटर पंचने दांड्याच्या टोकावर आणि समोरासमोर तुंब्यावर एकेक ठिपका. हे काम अर्ध्या मिनिटाचे असते आणि नेमके तेच टाळले जाते. मग गोटी पाना लावून नट फिरवायचा. या वेळी स्टेरिंग दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी घट्ट धरावे. किल्ली काढून स्टेरिंग लॉक करायचे आणि त्या लॉकच्या जिवावर नट सोडवायचा, ही पळवाट महागात पडते: लॉकची छोटी कडी त्या जोरासाठी बनवलेली नसते, ती वाकली की किल्लीचा सगळा भाग बदलावा लागतो. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले तर सकाळी निम्मी लढाई जिंकलेली असते. गावाकडे त्या जागी डिझेल वापरतात. तेही चालते, फक्त वेळ जास्त द्यावा लागतो.

नट सुटला तरी पूर्ण काढायचा नाही. तीन-चार आट्यांवर तसाच राहू द्यायचा. कारण खाचांत घट्ट बसलेले स्टेरिंग निघते तेव्हा हळूहळू निघत नाही, एकदम सुटते, आणि ते छातीशी धरून ओढणाऱ्याच्या दातांवर किंवा हनुवटीवर येते. आट्यांवरचा नट त्याला तिथेच अडवतो. योग्य साधन म्हणजे पुलर. तुंब्यात आटे पाडलेली दोन भोके असतील तर पुलरचे दोन बोल्ट त्यांत बसतात आणि मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर दाबत जातो. पाना फिरवत राहिले की एक कोरडा ‘टक्’ आवाज येतो. तो आवाज आला की काम झाले. भोके नसतील तर गुडघे कड्याखाली टेकवून, दोन्ही तळव्यांनी आळीपाळीने डावीउजवीकडून धक्के देत सोडवतात.

हातोडी मात्र नको. दांड्याच्या टोकावर खालून स्टेरिंग ओढत वरून घाव घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्यात आटे चेपतात, बेअरिंगला मार बसतो, आणि दबणारा खांब असलेल्या गाडीत याहून गंभीर गोष्ट घडते. अपघातात समोरून धडक बसली तर जुन्या गाड्यांचा अखंड पोलादी दांडा भाल्यासारखा ड्रायव्हरच्या छातीकडे येई. म्हणून १९६०च्या दशकात धक्का बसताच आत दबणारे खांब आले आणि १९६८ पासून अमेरिकेत ते मोटारींना बंधनकारक झाले. असे खांब अनेकदा प्लास्टिकच्या छोट्या पिनांनी जागेवर धरलेले असतात. हातोडीचा घाव आणि अपघाताचा धक्का यांत त्या पिना भेद करत नाहीत. त्या तुटल्या की खांब ढिला होतो आणि वेळ येईल तेव्हा त्याचा उपयोग राहत नाही.

स्टेरिंग निघाल्यावर दांड्याच्या खाचा तारेच्या ब्रशने साफ करून, फडक्याने पुसून नीट पाहाव्यात. हॉर्नच्या पितळी कड्यावर काळपट थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलके घासावे आणि त्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. इंडिकेटर आपोआप बंद करणारा खटका याच जागी, तुंब्याच्या मागच्या बाजूच्या दोन खुंट्यांवर चालतो. नवे स्टेरिंग बसवताना इंडिकेटरची दांडी मधोमध ठेवावी आणि खुंट्या त्यांच्या खोबणीत गेल्याची खात्री करावी, नाहीतर पहिल्याच वळणाला प्लास्टिकचा तुकडा तुटून हातात येतो.

नवे स्टेरिंग जुन्या खुणेवर बसले आणि चाके सरळ असताना आरेही सरळ दिसले, तर पुढचे सोपे आहे. पण खूण केलेली नसेल किंवा आधीच्या कोणी ते वाकडे बसवलेले असेल, तर मध्य नव्याने शोधावा लागतो. पुढची बाजू जॅकवर उचलून स्टेरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत फेरे मोजायचे. साडेतीन फेरे भरले तर पावणेदोन फेरे मागे आल्यावर यंत्रणेचा मध्य सापडतो. त्या जागी पुढची चाके खरोखर सरळ असतील तर स्टेरिंग काढून योग्य खाचेवर बसवावे. दांड्यावर ३६ खाचा असतील तर एक खाच चुकली की स्टेरिंग १० अंशांनी तिरपे दिसते, त्यामुळे एकेक खाच पुढे-मागे करून पाहणे पुरते. मध्यावर चाकेच सरळ नसतील तर दोष टाय रॉडच्या लांबीत आहे, आणि तो खाच सरकवून झाकणे चुकीचे. जुन्या स्टेरिंग बॉक्समध्ये मध्याच्या जागी दाते सर्वांत घट्ट बसवलेले असतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. खाच सरकवून नुसते आरे सरळ केले तर गाडी त्या घट्ट जागेऐवजी ढिल्या जागेवरच सरळ धावत राहते आणि रस्त्यावर भिरभिरते.

नट शक्यतो नवा घ्यावा, विशेषतः नायलॉनची कडी असलेला असेल तर; ती कडी एकदा वापरली की तिची पकड कमी होते. आवळताना ताकद दाखवायची नसते. अनेक लहान मोटारींत हा आकडा ३० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच खरा. टॉर्क पाना तालुक्याच्या मोठ्या गॅरेजमध्ये मिळतो. तो नसताना लांब नळी घालून आवळणारा मिस्त्री आटे मारून ठेवतो.

एवढे सगळे लागू पडते ते एअरबॅग नसलेल्या गाड्यांना. स्टेरिंगच्या टोपीवर ‘एसआरएस’ ही अक्षरे दिसली तर हे काम घरचे किंवा झाडाखालच्या गॅरेजचे नव्हे. त्या टोपीत स्फोटक भरलेले असते आणि फुगा सेकंदाच्या काही शतांश भागात उघडतो. बॅटरी काढल्यावरही यंत्रणेत काही वेळ वीज शिल्लक राहते. मागे गुंडाळलेल्या तारेची चकती असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ती मध्यावर न ठेवता बसवली तर पूर्ण वळणात तुटते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. अशा गाडीचे स्टेरिंग काढून साधे शोभेचे स्टेरिंग लावणे म्हणजे विकत घेतलेले संरक्षण स्वतःच्या हाताने फेकून देणे.

कायद्याने तेवढ्याच मापाचे, त्याच मॉडेलचे स्टेरिंग बसवण्याला आडकाठी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ वैशिष्ट्यांत फरक पाडणाऱ्या बदलांना अटकाव करते. १५ वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि त्या वेळच्या तपासणीत ढिले स्टेरिंग लगेच ध्यानात येते. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी सुरू झाली आहे. तिथे गाडी मूळ रूपात असणे अपेक्षित असल्याने अशा गाडीचे फुटके का होईना पण मूळ स्टेरिंग जपलेले बरे.

आणि ते दुरुस्त होते. सळई मजबूत असेल तर भेग करवतीच्या पात्याने इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात सळईपर्यंत रुंद करायची, गंज खरवडून काढायचा, पेट्रोलच्या फडक्याने तेलकटपणा पुसायचा आणि मळलेले एम-सील त्यात दाबून भरायचे. थोडे जास्तच भरावे, कारण वाळल्यावर घासून गोलाई आणायची असते. रात्रभर वाळल्यावर आधी जाडा, मग बारीक पॉलिश पेपर, त्यावर प्रायमर आणि दोन पातळ हात रंगाचे. भेग बोटांना लागेनाशी होईपर्यंत घासणे हेच यातले खरे काम. रंग शेवटी कोणीही देतो. वरून रेक्झिनचे कव्हर घालायचे असेल तर ते शिवून घट्ट बसवलेले हवे. ऐन वळणात कड्यावर फिरणारे कव्हर भेगेपेक्षा वाईट.

बसवून झाल्यावर बॅटरी जोडायची, हॉर्न वाजवायचा, स्टेरिंग दोन्ही टोकांना फिरवून पुन्हा हॉर्न वाजवायचा, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावून ते वळणानंतर आपोआप बंद होतात का पाहायचे. मग रहदारी नसताना, सरळ पट्ट्यात हळू वेगाने गाडी न्यायची आणि आरे सरळ राहतात का पाहायचे. गतिरोधकावरून जाताना हॉर्न आपोआप वाजला तर आतली पट्टी कुठेतरी टेकते आहे. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर टोपी पुन्हा उघडून नटाला एकदा पाना लावून पाहायचा. तो हलला नाही तर टोपी लावायची. निघालेले जुने स्टेरिंग भंगारवाला किलोने नेतो. पद्मिनीचे असेल तर ते त्याला देऊ नये, कुर्ल्यात त्याला गिऱ्हाईक आहे.